शाळेच्या गुणांत शाळा किती?

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तिसरीपासून पुढचे मूल २०२३-२४ पासून वर्षातून तीनदा राज्यभर एकच असलेली प्रश्नपत्रिका सोडवते. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी होते आणि पुढे दोन संकलित मूल्यमापने. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे विषय असतात. वर्गशिक्षक उत्तरपत्रिका तपासतात आणि गुण ऑनलाइन भरतात. याखेरीज शिष्यवृत्ती परीक्षा आहे, केंद्र सरकारचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आहे (२०२४ पासून ते ‘परख’ या नावाने होते) आणि ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ ही पाहणी आहे. मोजमापाची कमतरता आहे, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही.

या आकड्यांभोवती एक समजूत घट्ट बसली आहे: शाळेची सरासरी वर असेल तर शाळा चांगली, खाली असेल तर वाईट. जिल्हा परिषद शाळांवर टीका करणारे याच समजुतीने बोलतात आणि त्या शाळांची बाजू घेणारेही शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीतली नावे पुढे करून तेच गृहीत धरतात. वाद फक्त आकडा कोणता घ्यावा याचा असतो.

प्रमाणित चाचणीचा आकडा दोन टोकांना उपयोगी पडतो. एका मुलाला काय येते आणि काय येत नाही, हे त्याच्या शिक्षकाला तो सांगतो. चाचणी त्रयस्थाने घेतली असेल, तर लाखो मुलांच्या नमुन्यावरून राज्य कुठे उभे आहे हेही सांगतो. मधल्या पायरीवर, म्हणजे एका शाळेच्या बाबतीत, तो सर्वांत कच्चा असतो. केंद्रप्रमुखाच्या बैठकीत, तालुक्याच्या आढाव्यात आणि पालकांच्या बोलण्यात मात्र त्याचा सर्वाधिक वापर याच पायरीवर होतो. हा कच्चेपणा तीन कारणांनी येतो आणि प्रत्येक कारण वेगळे तपासावे लागते.

चाचणी नेमके काय विचारते

कारणांकडे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. ‘मुलांना वाचता येते का’ या साध्या प्रश्नाचे उत्तर विचारण्याच्या पद्धतीनुसार बदलते. ‘असर’ २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होते. प्रत्येक जिल्ह्यातून ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे निवडली जातात. ५ ते १६ वयाच्या मुलाला समोर बसवून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. गणितात अंकओळख, हातचा घेऊन वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढेच असते. मूल तिसरीत असो वा आठवीत, साधन तेच. राष्ट्रीय सर्वेक्षण शाळेत होते आणि त्या त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर बहुपर्यायी प्रश्न विचारते. चार पर्यायांच्या प्रश्नात काहीच न वाचता खूण करणाऱ्यालाही चारांतला एक गुण नशिबाने मिळतो. तोंडी वाचनात ती सोय नाही.

त्यामुळे दोन्हींचे निष्कर्ष जुळत नाहीत, यात नवल नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात राष्ट्रीय सर्वेक्षणाचे राज्यनिहाय आकडे घरोघरी झालेल्या पाहण्यांपेक्षा बरेच चढे आढळले. राज्यांचा क्रमही दोन्हींत जुळला नाही. संपूर्ण राज्याच्या आकड्याची ही कथा असेल, तर वीस मुलांच्या वाडीवरच्या शाळेच्या आकड्याबद्दल किती खात्री बाळगावी, हा प्रश्न उभा राहतो. या दोन्ही पाहण्या शाळानिहाय निकाल देतच नाहीत, हेही लक्षात घ्यावे. मोजणाऱ्यांनी स्वतः जी पायरी टाळली, ती वाचणारे बिनदिक्कत चढतात.

पहिले कारण: लहान पटाचे गणित

महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शासकीय शाळा सुमारे १५ हजार आहेत. अशा द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता धरल्या, तर एका इयत्तेत पाच मुले येतात. तिथे एक मूल म्हणजे २० टक्के. एक हुशार मुलगी मामाकडे शिकायला गेली की शाळेचा ‘निकाल’ कोसळतो, पुढच्या वर्षी एक चुणचुणीत भावंड दाखल झाले की तो सावरतो. गुरुजी तेच, फळा तोच आणि शिकवण्याची रीतही तीच.

थोडे मोठे उदाहरण घेऊन गणित करता येते. वर्गात ९ मुले आहेत आणि शिकवणे असे आहे की प्रत्येक मूल अपेक्षित पातळी गाठण्याची शक्यता ६० टक्के आहे. शिक्षक दरवर्षी तंतोतंत सारखेच शिकवतो असे मानले, तरी पातळी गाठणाऱ्यांची संख्या निव्वळ योगायोगाने ४ ते ७ या दरम्यान हिंदकळत राहील. टक्केवारीत हा पल्ला ४४ ते ७८ असा होतो. साधारण सहा वर्षांतून एकदा ती या पल्ल्याच्याही बाहेर जाईल. शंभर मुलांच्या शाळेत तीच हालचाल बहुतेक वर्षी ५५ ते ६५ मध्ये राहते. म्हणजे लहान शाळेचे ४४ आणि ७८ हे दोन्ही आकडे एकाच दर्जाच्या शिकवण्याचे असू शकतात. पहिल्या आकड्यावर खुलासा मागितला जातो आणि दुसऱ्यावर सत्कार होतो.

यातून आणखी एक चमत्कारिक परिणाम निघतो. गुणानुक्रम लावला की लहान शाळा यादीच्या दोन्ही टोकांना गोळा होतात. अमेरिकेत थॉमस केन आणि डग्लस स्टेगर यांनी उत्तर कॅरोलिना राज्याच्या आकडेवारीवरून २००२ मध्ये हेच दाखवले होते: बक्षिसे लहान शाळांना अधिक मिळतात, कारण त्यांचे आकडे अधिक उसळतात. आपल्याकडे यशोगाथा सांगताना वरच्या टोकाची लहान शाळा निवडतात आणि समायोजनाचा किंवा बंद करण्याचा प्रस्ताव मांडताना खालच्या टोकाची. दोन्ही वेळा पुरावा म्हणून दिलेला आकडा प्रामुख्याने पटाचा आकार सांगत असतो.

दुसरे कारण: वर्गात बसले कोण आहे

सरासरी गुणांत शाळेने दिलेले शिक्षण असते आणि मुलाने घरून आणलेलेही असते. घरी पुस्तक आहे का, आई किती शिकली आहे, संध्याकाळी अभ्यासाला दिवा आणि जागा मिळते का, याचा परिणाम मोठा असतो, हे १९६६ च्या अमेरिकेतील कोलमन अहवालापासून वारंवार दिसले आहे. गरीब देशांत शाळेचा वाटा तुलनेने अधिक असतो, असे हेनमन आणि लॉक्सली यांनी १९८३ मध्ये दाखवले आणि त्यावर पुढे वादही झाला. तरी घराचा वाटा शून्य आहे असे कोणीच म्हटलेले नाही. शाळेची कच्ची सरासरी मात्र तो शून्य आहे असे धरूनच वाचली जाते.

जिल्हा परिषद शाळांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक टोकदार आहे, कारण त्यांचा पट गेल्या दोन-तीन दशकांत बदलला. ज्यांना फी आणि व्हॅनचे भाडे परवडते, अशा कुटुंबांनी गावाजवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची वाट धरली. मागे राहिलेल्या मुलांची सरासरी खाली आली तर त्यात शिक्षकाचा वाटा किती आणि गळतीचा किती, हे सरासरी पाहून ठरवता येत नाही. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेची फी दिली आणि सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. दोन वर्षांनंतर आणि चार वर्षांनंतरही तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. खासगी शाळांचा दर विद्यार्थी खर्च मात्र बराच कमी होता आणि हिंदीत त्यांची मुले पुढे होती, त्यामुळे सरकारी शाळांच्या बाजूने हा निकाल एकतर्फी वापरता येत नाही. पण डोळ्यांना दिसणारी गुणांची मोठी दरी बहुतांशी प्रवेश घेणाऱ्यांच्या निवडीची होती, एवढे त्यातून कळते.

महाराष्ट्रात या निवडीला दोन स्थानिक पदर आहेत. पहिला स्थलांतराचा. बीड जिल्ह्यातून आणि अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. पायाभूत चाचणीला हजर असलेले मूल दुसऱ्या संकलित मूल्यमापनाला एकतर गैरहजर असते किंवा चार-पाच महिन्यांच्या खंडानंतर थेट प्रश्नपत्रिकेसमोर बसते. पहिल्या प्रकारात शाळेची सरासरी खोटी वर जाते, दुसऱ्यात खोटी खाली. हंगामी वसतिगृह नीट चालवून मुलांना गावात राखणारी शाळा या हिशेबात तोट्यात जाते, कारण तिने राखलेली मुले सर्वांत कमी तयारीची असतात. स्थलांतरित मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड असते, पण त्या कार्डावरून शाळेची सरासरी दुरुस्त होत नाही.

दुसरा पदर भाषेचा. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, नंदुरबारच्या डोंगरात भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलासमोर येणारी गणिताची शाब्दिक उदाहरणे प्रमाण मराठीत असतात. ते मूल बाजारात सुट्या पैशांचा हिशेब चोख करते आणि कागदावर तोच हिशेब चुकतो. इथे चाचणी भाषा आणि गणित एकत्र मोजते आणि दोष गणिताच्या रकान्यात लिहिला जातो. अशा शाळेची लातूर किंवा सांगलीतल्या मोठ्या गावच्या शाळेशी एकाच तक्त्यात तुलना करणे हे मोजमाप म्हणूनच चुकीचे आहे. अन्याय हा शब्द नंतर वापरता येईल.

तिसरे कारण: आकड्याला पैसा किंवा अब्रू जोडली की

पहिली दोन कारणे प्रामाणिक आकड्याबद्दल आहेत. शाळेचे भवितव्य आकड्याला बांधले की तो प्रामाणिकही राहत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हे सूत्ररूपाने मांडले: सामाजिक निर्णयांसाठी एखादा निर्देशांक जितका अधिक वापरावा, तितका त्याच्यावर भ्रष्ट होण्याचा दाब वाढतो आणि ज्या व्यवहारावर तो लक्ष ठेवतो तो व्यवहारही तो बिघडवतो.

अनुभव कॅम्पबेल यांच्याही शंभर वर्षे आधीचा आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. मुलाच्या हजेरीसाठी ४ शिलिंग आणि वाचन, लेखन व अंकगणितात उत्तीर्ण झाल्यास ८ शिलिंग. तपासनीस येण्याच्या दिवसावर शाळेचे वर्ष फिरू लागले, मुलांकडून वाचनाचे पुस्तक पाठ करून घेतले जाऊ लागले आणि परीक्षेत नसलेले विषय मागे पडले. स्वतः तपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड या पद्धतीचे कडवे टीकाकार होते. १८९० च्या दशकात ती मोडीत निघाली.

मुंबई इलाख्यात अनुदानासाठी हीच पद्धत आली होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. ज्या लोकांमध्ये शिक्षणाची गोडी अजून निर्माण व्हायची आहे, त्यांच्यासाठी निकालावर वेतन देण्याची पद्धत उपयोगाची नाही. अशा वस्तीत या अटीवर काम करायला कोणी शिक्षक तयार होणार नाही, कारण त्याचे पोट भरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यात तत्त्वज्ञान कमी आणि हिशेब जास्त आहे. फळ जिथे उशिरा येते तिथे फळावर मजुरी ठरवली, की मजूर सोपी जमीन शोधतो. आयोगाने तरीही प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी निकालाचा निकष उचलून धरला आणि मागास भागांपुरती सवलत ठेवली. ती सवलत म्हणजे फुल्यांच्या आक्षेपाची अर्धी कबुलीच होती.

विसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रयोग अमेरिकेतील राज्यांनी आणि शहरांनी पुन्हा सुरू केला आणि २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तो देशभर नेला. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी होणार होती. २०१४ पर्यंत सर्व मुले ‘प्रवीण’ व्हायची होती आणि लक्ष्य चुकत राहिले तर शाळेची पुनर्रचनाही होणार होती. ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेविट यांनी शिकागोच्या उत्तरपत्रिकांतील संशयास्पद साम्य तपासून २००३ मध्ये दाखवले की दरवर्षी प्राथमिकच्या किमान ४ ते ५ टक्के वर्गांत शिक्षकांनी किंवा प्रशासकांनी उत्तरांत फेरफार केलेला असावा. अटलांटात चुकीचे उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा अशक्य वाटाव्यात इतक्या आढळल्या. २०११ च्या चौकशीत ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार झाल्याचे आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा त्यात सहभाग असल्याचे निष्पन्न झाले. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. याच गुणवाढीच्या काळात, २००९ मध्ये, त्या शहराच्या शिक्षण अधीक्षकांना वर्षातील सर्वोत्तम अधीक्षकाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला होता. २०१५ च्या अखेरीस नव्या कायद्याने जुन्याची जागा घेतली.

भारतात तर दंडाची भीतीही लागत नाही. मध्य प्रदेशात शासकीय राज्यव्यापी चाचणीचे निकाल अर्थशास्त्रज्ञ अभिजीत सिंग यांनी स्वतंत्रपणे पडताळले, तेव्हा कागदावरची पातळी प्रत्यक्षापेक्षा बरीच फुगलेली निघाली. त्या चाचणीला बक्षीस किंवा शिक्षा काहीच जोडलेले नव्हते. वरच्या कार्यालयाला शून्य दाखवायचे नाही, एवढी सवय पुरली. महाराष्ट्रात प्रश्नपत्रिका राज्याची असली, तरी चाचणी घेणारा, तपासणारा आणि गुण भरणारा वर्गशिक्षकच असतो. मुलाची अडचण शोधण्यासाठी ही रचना उत्तम आहे, कारण तपासताना शिक्षकालाच चूक दिसते. त्याच आकड्यावर शिक्षकाचा आढावा घेतला, की आरोपीकडेच पंचनामा सोपवल्यासारखे होते.

आक्षेप आणि त्यांचा विचार

पहिला आक्षेप वजनदार आहे: आकडा काढून घेतला तर उत्तरदायित्व कशावर ठरवायचे? शिक्षकाच्या कामावर पैसा जोडल्याने खरी सुधारणा झाल्याचा पुरावाही आहे. वर उल्लेख केलेल्या मुरलीधरन आणि सुंदररामन यांनीच आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांत मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना बोनस दिला. दोन वर्षांत गणित आणि भाषेत स्पष्ट वाढ झाली आणि बोनसशी न जोडलेल्या विज्ञान व सामाजिक शास्त्रातही मुले पुढे गेली. हा पुरावा बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्या प्रयोगाच्या अटी पाहाव्यात. चाचणी शाळेबाहेरच्या यंत्रणेने घेतली. बोनस पातळीवर नव्हता, वाढीवर होता, त्यामुळे कमकुवत मुलांची शाळाही तो मिळवू शकत होती. तो वार्षिक पगाराच्या साधारण ३ टक्के होता आणि कोणाला शिक्षा नव्हती. आजच्या तालुका आढाव्यातील सरासरीत यातली एकही अट पाळली जात नाही. प्रयोगाचे यश दाखवून या सरासरीचे समर्थन करता येत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. चाचण्याच मुलांना घातक आहेत, सबब सगळ्या बंद कराव्यात, असे म्हणणारा मोठा वर्ग २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर तयार झाला. कायद्याच्या कलम ३० ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बोर्डाची परीक्षा नको असे म्हटले आणि कलम २९ ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले. परीक्षा न घेणे एवढाच त्याचा अर्थ अनेक ठिकाणी लावला गेला आणि मूल्यमापन नोंदवह्यांच्या रकान्यांत हरवले. वाचता न येणारे मूल सहावीत पोहोचले तरी कोणाच्या लक्षात येत नाही, ही स्थिती चाचणीच्या ताणापेक्षा अधिक क्रूर आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा दिली, तेव्हा लंबक दुसऱ्या टोकाला गेला. दोन्ही भूमिकांमध्ये चाचणी आणि शिक्षा यांची गाठ पक्की आहे, ती सोडवण्याचा विचार मात्र दिसत नाही.

तिसरा आक्षेप असा की गरीब वस्तीतल्या काही शाळा खरोखर असामान्य काम करतात आणि गुण न पाहिल्यास त्या दिसणार नाहीत. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटने हे काम दाखवले आणि राज्याने २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात ते पुढे नेले. पण कुमठ्याकडे शिक्षकांचे लोंढे वळले ते मुले फरशीवर आखलेल्या साहित्यावर काय करतात आणि कसे बोलतात, हे पाहायला. चांगली शाळा ओळखण्यासाठी वर्गात जाऊन पाहण्याला पर्याय नव्हता.

आकडा जिथे चालतो

मुलाच्या पातळीवर चाचणीची ताकद मुंबई आणि वडोदऱ्यात सिद्ध झाली. २००१ ते २००३ दरम्यान ‘प्रथम’च्या बालसखी कार्यक्रमात मागे पडलेली मुले ओळखून त्यांना वस्तीतल्याच एका ताईकडून वेगळे शिकवले गेले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी सोडत पद्धतीने केलेल्या तपासणीत अशा शाळांतील गुण वाढलेले आढळले आणि फायदा मुख्यतः तळाच्या मुलांना झाला. इथे आकडा वर कुठेच जात नव्हता. कोणत्या मुलाला कोणत्या गटात बसवायचे, एवढेच त्याचे काम होते. एखाद्या दिवशी मूल आजारी असल्याने चाचणी चुकली तरी पुढच्या आठवड्यात शिक्षक दुरुस्ती करू शकत होता.

राज्य आणि देशाच्या पातळीवर ‘असर’ने करोनाचा फटका दाखवला. देशातील ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. २०२२ मध्ये ते १६.३ वर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ वर चढले. २०२४ चा नमुना सुमारे साडेसहा लाख मुलांचा होता. एवढ्या मोठ्या संख्येत एखाद्या गावचा योगायोग विरून जातो.

शाळेच्या पातळीवर आकडा वापरायचाच असेल, तर त्याच्यावर काही बंधने घालावी लागतात. वेगवेगळ्या तुकड्यांची तुलना सोडून त्याच मुलांची वर्षागणिक वाढ पाहावी लागते. तीन वर्षांचे निकाल एकत्र करून, त्यांच्यासोबत संभाव्य चुकीचा पल्ला छापावा लागतो. दरवर्षी काही शाळा चिठ्ठीने निवडून बाहेरच्या माणसांनी पुन्हा चाचणी घ्यावी लागते. हे काम जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे (डाएट) देता येईल. अमेरिकेतील राज्ये ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाचा निकाल जाहीरच करत नाहीत. तो नियम महाराष्ट्राने स्वीकारला तर सुमारे १५ हजार शाळांना आकडा उरणार नाही. त्या शाळांत केंद्रप्रमुखाने भेटीच्या दिवशी वर्गातल्या पाचही मुलांना एकेक करून वाचायला लावावे आणि कोण कुठे अडते ते गुरुजींसोबत लिहून घ्यावे. त्याला अर्धा तास लागतो.